किता म्हणजे आपण

"बुलान देपान किता पुलांग के इंडिया," पडद्यावरची शर्वरी म्हणाली. तिच्या खांद्याशी बसलेल्या चित्रातल्या मैनेनं पंख फडफडवले, हिरवा दिवा लावला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी शीळ घातली. म्हणजे उत्तर बरोबर.

पालकांनी टाळ्या वाजवल्या. इंडोनेशियन भाषेच्या तासाला मुलांनी 'माझं घर' या विषयावर छोट्या छोट्या फिल्म केल्या होत्या, फोटो स्वतःचे, आवाज स्वतःचा, आणि त्या आज मोठ्या पडद्यावर दाखवायच्या होत्या. शर्वरी मगदूम तिसरीत होती. पडद्यावर विमान आलं, मग इचलकरंजीच्या एका घराचा फोटो आला, दारात स्कूटर, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या. पुढच्या महिन्यात आपण भारतात जाणार, आपण विमानात बसणार, तिथं आपण मोठ्या घरात राहणार. प्रत्येक वाक्यात 'किता', आणि प्रत्येक 'किता'ला मैनेची शीळ.

माझ्या शेजारी बी इमास बसली होती. बी म्हणजे मावशी. पश्चिम जावातल्या त्या गिरणीच्या गावात घर सांभाळणाऱ्या बाईला असंच हाक मारत. शर्वरीची आई गेली तेव्हा पोर नुकती उभी राहायला लागली होती. तेव्हापासून तिचं न्हाणंधुणं, दुखणंखुपणं, रुसणंफुगणं सगळं बी इमासनं केलं. शर्वरीचे वडील गिरणीत विणकाम खात्यात मास्तर होते, त्यांना पाळी सोडून येता यायचं नाही. त्यामुळे शाळेत काही असलं की हीच यायची, ईदचा ठेवणीतला झगा घालून, डोक्याला इस्त्रीचा रुमाल बांधून. फिल्म संपली तसं तिनं माझं कोपर धरलं.

"इबू, किता म्हणाली ना पोर?"

इबू म्हणजे बाई. "हो, किता म्हणाली," मी म्हटलं.

तिनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि हसली. मी मात्र टाळ्या वाजवायच्या थांबले.

का थांबले, ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. इंग्रजीतल्या 'वुई'ला समोरचा आपल्यात आहे की नाही याचा पत्ता नसतो. आपल्याला असतो. 'आम्ही जेवायला निघालो' म्हटलं की पाहुणा मुकाट्यानं घरी जातो, आणि 'आपण जेवायला निघालो' म्हटलं की तोच पाहुणा चपला शोधायला लागतो. इंडोनेशियन भाषेत अगदी हेच आहे. किता म्हणजे आपण, कामी म्हणजे आम्ही. आणि ज्या बाईला सोडून हे बापलेक कायमचे निघाले होते, तिच्यासमोर पोरीनं भरसभेत पाच वेळा 'आपण' म्हटलं होतं.

दोष मी मैनेच्या माथी मारला. आमच्या शाळेत गिरणीतल्या परदेशी माणसांची पोरं, त्यांना भाषा शिकवायला इंडोनेशियाचीच एक छान बाई होती. मग संस्थेनं हा डिजिटल कार्यक्रम विकत घेतला आणि भाषा मैनाच शिकवणार म्हटल्यावर त्या बाईंची गरज उरली नाही. वर्गात बटणं दाबायला आणि पोरांना गप्प बसवायला कुणीतरी हवं होतं, तिथं माझी वर्णी लागली. माझं नाव वैजयंती. तिकडे विजयांती नावाच्या बायका गल्लोगल्ली, त्यामुळे मी लगेच 'इबू यांती' झाले. भाषा मी भाजीबाजारात शिकले होते, कोथिंबिरीची घासाघीस करता करता. मैनेची भाषा माझ्याहून शुद्ध होती, पण ती कुणीतरी इंग्रजीवरून बेतली होती. 'वुई' आलं की 'किता', एवढंच तिला ठाऊक. 'कामी' वरच्या इयत्तेसाठी राखून ठेवला होता. आमच्या वर्गात तो कामी कधी कुणाच्या कामी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शर्वरीला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं.

"तुझ्या फिल्ममध्ये थोडी चूक राहिलीय बघ," मी म्हटलं. "किता नाही, कामी म्हणायचं. आम्ही जाणार."

तिनं टॅबलेट पुढे ओढला आणि माझ्याकडे बघत मुद्दाम म्हणाली, "कामी पुलांग के इंडिया." मैनेनं मान खाली घातली आणि लाल दिवा लावला.

"बघा. चूक तुमची आहे."

"मैनेला कळत नाही, शर्वरी. तुला मराठीत कळतं की नाही? आम्ही जाणार की आपण जाणार?"

"आपण."

"आपण म्हणजे कोण?"

"पप्पा, मी आणि बी." आणि मी काही बोलायच्या आत तिनं बजावलं, "बी नसली तर मी विमानात चढणारच नाही. मी पप्पांना सांगितलंय. मी विमानतळावर झोपणार जमिनीवर."

ती झोपली असती. या पोरीनं एकदा केस कापायला नको म्हणून कपाटात स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि गिरणीचा सुतार बोलवावा लागला होता. चूक मैनेची नव्हती तर. पोरगी ठरवून 'आपण' म्हणत होती, आणि ती बिचारी बाई ते खरं धरून बसली होती.

मगदूम शाळेत आले ते दाखला न्यायला. गडी अंगानं दांडगा, बोलायला मऊ. पोरगी मैदानावर आहे याची खात्री करून ते माझ्यासमोर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बाई, एक काम हाय तुमच्याकडं. नाही म्हणू नका."

"बोला की."

"त्या इमासबाईला तुम्ही सांगा. आमच्यासंगं तिला न्हेता येत न्हाई म्हणून."

"अजून सांगितलं नाहीत तुम्ही?"

"काय तोंडानं सांगू?" ते म्हणाले. "परवा घरी आलो तर टेबलावर पासपोर्ट ठेवलाय. तिचा. शहरात जाऊन काढून आणला हो तिनं! फोटोबिटो लावून, नवाकोरा. शर्वरी तो सगळ्या कॉलनीला दाखवत फिरतीया. मी बघितला, बरं बरं म्हणालो आणि न्हाणीत जाऊन बसलो."

"पण मगदूम, खरंच नेता येणार नाही का? थोडे दिवस तरी?"

ते टोपीची शिवण चाचपू लागले.

"कोण म्हणून न्हेऊ? थोरल्या भावाच्या घरात राहायचंय. वहिनीनं पोरीला पदरात घ्यायचं कबूल केलंय, तिला मूलबाळ न्हाई, ती डोळ्यात तेल घालून वाट बघतीया. तिथं मी बिनबायकोचा माणूस परदेशातनं एक बाई घेऊन उतरलो तर गाव काय म्हणंल? वहिनीला काय वाटंल? आणि त्या बाईनं तरी तिथं कुणाशी बोलायचं? कागदपत्रं किती दिवसांची मिळणार?" त्यांनी टोपी मुठीत आवळली. "माझ्या पोरीला तिनं जगवलंय, बाई. मला काय कळत न्हाई व्हय? पण माझा इलाजच न्हाई."

मला राग यायला हवा होता, तो आला नाही. मी "सांगते" म्हटलं आणि हे घोंगडं आपण गळ्यात का घेतलं म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

दोन दिवस मी वाक्यं जुळवत होते. माझी बाजारातली इंडोनेशियन टोमॅटो सडके आहेत हे सांगायला पुरेशी होती, माणसाचा जीव तोडायला नव्हती. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. बी इमास मागच्या ओट्यावर शर्वरीचे स्वेटर उन्हात घालत होती, इचलकरंजीत किती थंडी असते याचा तिला कुणी पत्ता दिला नव्हता. तिनं मला चहा दिला. मी व्याकरणापासून सुरुवात केली.

"बी, त्या दिवशीची फिल्म पाहिलीत ना, त्यात एक गडबड होती. त्या मैनेला फक्त किता येतं. कामी तिला शिकवलेलंच नाही. त्यामुळे पोरं कुठंही किता म्हणतात. म्हणजे शर्वरी जे म्हणाली, त्याचा अर्थ..."

बी इमास स्वेटर उलटवत होती, ती थांबली.

"इबू यांती, तुम्ही मला किता आणि कामी शिकवायला आलात?" ती हसत म्हणाली.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुआन मगदूम मला नेणार नाहीत. कसे नेतील? मी काही खुळी नाही." तुआन म्हणजे साहेब.

"मग पासपोर्ट?"

"नेंगसाठी काढला." नेंग म्हणजे छकुली, तिच्या तोंडी शर्वरीचं नाव 'नेंग सारी' होतं. "ती जेवेना. रात्री उठून माझी चटई चाचपून बघायची, मी आहे की गेले. मी येते म्हटलं तर विश्वास ठेवेना. तिच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं, पासपोर्ट नसला की विमानात घेत नाहीत. म्हणून जाऊन काढला. आता बघा, दोन दोन वेळा भात मागून घेते."

"आणि त्या दिवशी तुम्ही रडलात ते?"

"सगळ्यांसमोर किता म्हणाली तेव्हा कळलं, तिला पटलंय. आता पोर हसत जाईल."

मला भयंकर वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"पण विमानतळावर तिला कळेलच ना, बी."

"दारातून आत फक्त प्रवासी जातात. मी सांगेन, माझी रांग वेगळी आहे, तू पप्पांबरोबर पुढं हो, बी नुसुल." नुसुल म्हणजे मागाहून येणं. "एकदा विमान सुटलं की मग रडू दे. वडील जवळ असतील, तिकडे ती बाई असेल. इथं जमिनीवर लोळून, शिपायांनी उचलून नेली तर ते तिच्या जन्मभर लक्षात राहील. मागाहून येणारी माणसं हळूहळू विसरतात."

"आणि नंतर फोन?"

"फोन नाही करायचा. माझा आवाज ऐकला की तिकडे रुळणार नाही. तुआननाही मी सांगणार आहे, नंबर देऊ नका." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही एकच करा. तो कामी एवढ्यात शिकवू नका तिला."

इतकी वर्षं झाली, पण त्या ओट्यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही. मी मान डोलावली, चहा संपवला आणि घरी आले. मगदुमांना निरोप धाडला की काम झालं. त्यांचा जीव भांड्यात पडला असणार.

निघायच्या दिवशी कॉलनीच्या गाडीतून मीही विमानतळावर गेले. शर्वरीनं नवे बूट घातले होते. बी इमासच्या हातात एक चाकांची बॅग होती आणि बॅगेच्या कानाला शर्वरीनं रंगीत कागदाची पट्टी बांधली होती, हरवू नये म्हणून. गाडीतून उतरवताना मी बॅग धरायला गेले तर ती एका बोटानं वर आली. आत काहीच नव्हतं.

काचेच्या दारापाशी शिपाई तिकिटं बघत होता. बी इमास खाली वाकली, शर्वरीची वेणी सारखी केली, पासपोर्ट तिच्यासमोर धरून म्हणाली, "माझी रांग तिकडे आहे. तू पप्पांचा हात सोडू नकोस. बी नुसुल."

"लगेच?"

"लगेच."

"खिडकीची जागा मी धरून ठेवते," शर्वरी म्हणाली.

मगदुमांनी आमच्याकडे बघितलं नाही. त्यांनी सामानाची ढकलगाडी एवढ्या जोरात रेटली की ती दाराला आपटली. शर्वरी काचेपलीकडून दोन्ही हात हलवून 'तिकडून, तिकडून ये' अशा खुणा करत राहिली आणि बी इमास 'हो, हो' अशी मान हलवत उलट्या पावलांनी मागं मागं गेली, पार खांबाच्या आड. मला तिथं जाऊन तिला धरावंसं वाटत होतं, पण पोर अजून बघत होती, म्हणून मीही हसत हात हलवत उभी राहिले. असं हसणं परत माझ्या वाट्याला येऊ नये.

ही गोष्ट इथं संपली असती. पण मैना शिल्लक होती.

मुलांना घरी सराव करता यावा म्हणून तो कार्यक्रम पालकांच्या मोबाइलवरही टाकलेला असायचा. मूल त्यात बोललं की आवाज शिक्षकाच्या संगणकावर येऊन पडे. मैना उच्चार तपासून हिरवा नाही तर लाल दिवा लावायची आणि शिक्षकानं एक ते पाच तारे द्यायचे. शाळा सोडलेल्या मुलांची खाती बंद करायचं काम कुणाचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका सकाळी मी संगणक उघडला तर शर्वरी मगदूमच्या नावापुढं नवं ध्वनिमुद्रण होतं.

"बी, कापान नुसुल?" बी, तू कधी येणार? मैनेनं शीळ घातली. उच्चार उत्तम!

मी खुर्चीवरून उठले आणि वर्गाचं दार लावून घेतलं. मग रोजच येऊ लागलं. बी, इथं खूप ऊन आहे. बी, काकू भातात मिरची घालत नाही. बी, रांग अजून संपली नाही का? उत्तर धाडायची त्यात सोयच नव्हती. कार्यक्रम बनवणाऱ्यांना वाटलं नसावं की कुणी मैनेला खरंच काही विचारेल.

मी बी इमासला सांगितलं. सांगायला नको होतं की हवं होतं, देव जाणे. तिला दुसरं घर मिळालं होतं, एका कोरियन जोडप्याचं, आणि शनिवारी दुपारी सुट्टी असायची. ती आली, डोक्याचा रुमाल सारखा करून संगणकासमोर बसली, आणि सगळं दोनदा ऐकलं. रडली नाही.

"इथून आपण काहीच बोलू शकत नाही?"

"नाही, बी. फक्त तारे देता येतात."

"तारे तिला दिसतात?"

"दिसतात. तिला वाटेल मी दिले."

"वाटू दे."

मी तिला माउस धरायला शिकवलं. तिनं प्रत्येक मुद्रणाला पाच तारे दिले, एकेक करून, बाजारात आंबे निवडावेत तसे निरखून. त्यानंतर ती दर शनिवारी यायची. मी वर्ग उघडा ठेवायचे आणि वह्या तपासत असल्यासारखं करायचे. तिला एवढीच गोष्ट देता येत होती आणि मला तर तीही नाही.

पावसाळा ओसरला तशी वाक्यं लहान होत गेली. मधेच मराठी शब्द घुसायला लागले. 'कधी येणार' हा प्रश्न केव्हा बंद झाला ते आम्हा दोघींनाही नेमकं सांगता आलं नसतं. मग रोजची मुद्रणं आठवड्याला एकावर आली. बी इमास म्हणायची, "अभ्यास वाढला असेल." मी म्हणायचे, "हो, तिकडे अभ्यास फार असतो."

त्या शनिवारी एकच मुद्रण होतं.

"बी," शर्वरी म्हणाली. आवाज जरा जाड झाला होता. "बी, सारी सुदाह..." म्हणजे 'सारीनं आता'. पुढचा शब्द तिला सापडेना. ती पुन्हा म्हणाली, "सुदाह..." आणि थांबली. मागून एका बाईची हाक आली, "शर्वरे, ताट वाढलंय गं!"

"आले गं, आई!" शर्वरी ओरडली. धावत गेलेल्या पावलांचा आवाज आला आणि मुद्रण संपलं. मैनेनं मान खाली घालून लाल दिवा लावला. भाषा ओळखता आली नाही.

बी इमासनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं.

"शेवटी काय म्हणाली?"

"आले म्हणाली. जेवायला बोलावलं तिला."

"आणि तो दुसरा शब्द? आ-ई?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला कुठं कळणार होतं? पण माझ्याच्यानं ते होईना, आणि खरं सांगायलाही जीभ उचलेना. आईला त्या भाषेत जो शब्द आहे तोच बाईंनाही आहे, तेवढ्याच आडोशाला मी उभी राहिले. "इबू," मी म्हटलं.

"तुम्हाला हाक मारली?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर मला तिच्याकडे बघवलं नाही. खिडकीबाहेर पोरं फुटबॉल खेळत होती, त्यांच्याकडे बघत राहिले.

"त्या बाईचा आवाज कसा होता?" तिनं विचारलं. "मला तुमची भाषा कळत नाही. रागाचा होता का?"

"नाही, बी. लाडाचा होता."

"मग मैना चुकली," ती म्हणाली. "पोर बरोबर बोलली." तिनं माझ्या हाताखालचा माउस ओढून घेतला आणि एकेक करून पाचही तारे दिले.

पुढच्या शनिवारी मी वर्ग उघडा ठेवला होता. ती आली नाही.